काळी तुळई

जुन्या स्लीपरचं गिऱ्हाईक आधी लाकूड बघत नाही, भोकं बघतं. रूळ जिथे बसवलेला असतो तिथे खिळ्यांची भोकं राहतात, आणि ती दिसली की माणसाचा चेहरा उतरतो. "मिस्त्री, आणि ही भोकं?" या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं होतं, "ती फुकट देतो." निम्मी माणसं हसायची. हसलेला माणूस सहसा रिकाम्या हाताने परत जात नाही, हे मला मामांनी शिकवलं. उरलेल्यांना भोकं बुजवून कशी देता येतात ते मी दाखवत बसायचो.

मामांची वखार सोलापूर स्टेशनापलीकडे, मालधक्क्याच्या रस्त्याला होती. रेल्वेने रुळाखालचे स्लीपर बदलले की जुन्यांचा लिलाव होई. मामा बोली लावायचे, बैलगाड्या माल आणायच्या, आणि रेल्वेच्या नोकरीतून उतरलेलं ते लाकूड माणसांच्या घरात बसेल असं करायचं, हे माझं काम. मी सुताराचा मुलगा, पण कोऱ्या लाकडावर माझा हात फारसा चाललाच नाही. उभी हयात दुसऱ्यांनी वापरून टाकलेल्या लाकडात गेली. यात लिहिण्यासारखं काही आहे असं या अंकाच्या संपादकांना वाटतं. माझ्या सुनेला वाटत नाही. दोघांचा मान राखून बेताने लिहितो.

स्लीपर म्हणजे रुळाखालचा आडवा ओंडका. मोठ्या लाइनीचा नऊ फूट लांब, होटगीहून गदगकडे जाणाऱ्या लहान लाइनीचा सहा फूट. आमच्याकडची घरं माळवदाची. जाड भिंती, भिंतींवर तुळया, तुळयांवर फळ्या, आणि त्यावर हातभर पांढरी माती. एवढं ओझं पेलायचं तर तुळई दणकट हवी, आणि नवा सागवान गरिबाच्या आवाक्यातला नव्हे. ज्या लाकडाने आगगाडी पेलली ते माळवद पेलणार नाही का, असा लोकांचा हिशेब होता आणि तो बरोबर होता. छोट्या खोलीला नऊ फुटी स्लीपर नेमका पुरायचा. सहा फुटीचे उंबरे, चौकटी, गोठ्यातल्या दावणी व्हायच्या.

पण हे लाकूड सरळ कधी हाताला लागत नाही. आधी तारेच्या ब्रशने घासून त्यात रुतलेली खडी काढायची. एक खडा नजरेतून सुटला की करवतीचे दात गेलेच. मग मोडक्या खिळ्यांची बुडखी शोधायची. मग हातोडीने टोकापासून टोकापर्यंत ठोकत जायचं आणि कान द्यायचा. खणखणीत वाजलं तर लाकूड जिवंत, भदभद वाजलं तर आतून कुजलेलं. वाहताना दोघांनी एकाच बाजूचा खांदा द्यायचा आणि टाकताना दोघांनी एकदम टाकायचं. एकाने आधी सोडलं तर दुसऱ्याची कंबर कायमची जाते. एकट्याने उचलून दाखवणारे पहिलवान मी पुष्कळ पाहिले. नंतर ते वाकूनच चालताना दिसले.

आणि एक गोष्ट सर्वांत मोठी. स्लीपर दोन जातींचे असत. पांढरे म्हणजे साधे, सागाचे किंवा सालाचे. काळे म्हणजे कारखान्यात डांबराचं तेल पाजलेले. या काळ्यांना वाळवी तोंड लावत नाही, पाणी कुजवत नाही, म्हणून गिऱ्हाईक त्यांच्यासाठी हट्ट धरायचं. मामांचा नियम मात्र पक्का होता. काळा स्लीपर उघड्यावर वापरायचा. कुंपणाला, गोठ्याच्या पुढच्या बाजूला, ओसरीला. घरात घ्यायचा नाही. वरून तो कितीही वाळलेला दिसला तरी करवत लागली की आतलं तेल जागं होतं, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याला घाम फुटतो. तो घाम अंगाला लागला तर आग होते, कपड्याला लागला तर कपडा गेला.

जळणाला तर तो नकोच नको. वखारीशेजारी फुटाणे भाजणारी एक बाई होती. तुकडे उरलेले दिसले की भट्टीसाठी मागायला यायची. मी पांढरे द्यायचो, काळे नाही. ती म्हणायची, "काळ्याचा जाळ लई भारी आसतुया, म्हून सोतासाठी ठिवतोस व्हय?" एकदा मी नसताना तिने काळे तुकडे पळवले. त्या दिवशीचे फुटाणे डांबराचे झाले आणि पेठेतली पोरं तिच्या नावाने थुंकत फिरली. तेव्हापासून ती प्रत्येक तुकडा मला दाखवून न्यायची, आणि भांडण मात्र तेवढंच करायची.

नव्या पेठेतल्या एका कापडवाल्या शेटजींना दुकानाच्या उंबऱ्यासाठी स्लीपर हवा होता. लाकूड पसंत पडलं, भोकांचंही काही वाटलं नाही. मग हळूच मला बाजूला घेऊन विचारलं, "मिस्त्री, खरं सांगा. यावर कुणी कटलं तर नाही ना?" मी म्हटलं, "शेटजी, माणूस कटतो तो रुळावर. लाकडाचा त्यात काय संबंध?" त्यांना ते पटलं, पण पुरतं पटलं नाही. रोज उंबऱ्याला हळद-कुंकू लागणार, लक्ष्मी त्यावरून आत येणार. शेवटी त्यांनी लहान लाइनीचा स्लीपर घेतला. लहान गाडी हळू जाते, तिच्याखाली कोण मरणार, असा त्यांचा विचार. मी मान डोलावली. मान डोलावणं हा आमच्या धंद्याचा अर्धा भाग होता.

आता बिरप्पाअण्णाची गोष्ट. ती सांगायची म्हणूनच खरं तर मी हे लिहायला बसलो.

बिरप्पा होटगीच्या बाजूला मोठ्या लाइनीवर गँगमन होता. जातीने धनगर, भाऊ मेंढरं घेऊन रानोमाळ फिरले आणि हा एकटा रेल्वेत चिकटला. गँगमनचं काम म्हणजे रुळाखालची खडी ठोकून बसवायची, सैल झालेले खिळे आवळायचे, कुजलेला स्लीपर काढून दुसरा सरकवायचा, आणि हे सगळं दोन गाड्यांच्या मधल्या वेळात. यांची आरोळी लांबून ऐकू यायची. मुकादम एक ओळ म्हणायचा आणि बाकीचे "हैश्शा" म्हणत एकदम जोर लावायचे. त्या गँगचे मुकादम रसूलभाई म्हणायचे, "आवाजाबिगर आमच्यानं कांदाबी उचलत न्हाय." आणि ते खरंच होतं.

तीस सालच्या आगेमागे बिरप्पाची नोकरी संपत आली. रेल्वेची खोली सोडायची होती आणि स्वतःचं घर नव्हतं. भावाने होटगीजवळ जागेचा तुकडा दिला. बिरप्पा बायकोला, शिवव्वाला, घेऊन आमच्या वखारीत आला. तेव्हा रेल्वेने त्यांच्याच पट्ट्यातले लाकडी काढून लोखंडी स्लीपर टाकले होते आणि ते लाकूड आमच्याकडे आलं होतं. बिरप्पा थप्पीतून फिरू लागला. धनगर मेंढरं ओळखतो तसा तो स्लीपर ओळखत होता. "ही फाटकाजवळची. ही सिग्नलखालची. हिला मीच वाकस मारलाय, ह्यो बगा घाव."

एका काळ्या स्लीपरपाशी तो खाली बसला. ओढ्याजवळच्या वळणावर लाइन सारखी दबत असे. तिथे त्याने हा स्लीपर बसवला होता, आणि नंतर ती जागा कधी दबली नाही.

"मिस्त्री, हिच्यावरनं मेल ग्येली, मालगाडी ग्येली, पर हिनं मान खाली घातली न्हाय. माज्या घराची मदली तुळई हीच."

मी म्हटलं, "अण्णा, काळी आहे. घरात नको."

"काळी म्हून तर वाळवी न्हाय."

"उन्हाळ्यात गळेल. स्वयंपाकात वास येईल. देवावर थेंब पडतील."

देवाचं नाव निघाल्यावर शिवव्वा पुढे झाली आणि म्हणाली, "बिरोबाच्या डोक्यावर डांबर? न्हाय बाई. मिस्त्री म्हंत्यात तसंच करा." बिरप्पा हिरमुसला. मग आम्ही तोड काढली. आतल्या खोलीला पांढऱ्या तुळया, आणि ही काळी पुढच्या सोप्याला. सोपा तीन बाजूंनी भिंतीचा आणि समोरून सताड उघडा. वारा खेळता, नियम पाळला गेला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तुळई आधी दिसणार म्हणून बिरप्पाही खूश. मी स्वतः ती कापून, तासून बसवली. माळवद झालं त्या दिवशी बिरप्पाने पटका काढून तिला टेकवला. घर ठाकठीक झालं होतं आणि मला त्याचा अभिमान वाटला.

पुढच्या वैशाखात लिलावासाठी मी होटगीला गेलो. काम आटोपल्यावर पाणी प्यावं, आपलं काम पावसाळा-हिवाळ्यातून कसं निघालं तेही बघावं म्हणून बिरप्पाकडे वळलो. घर लांबून ओळखलंच नाही. उघडा सोपा बंद झाला होता. समोरून बांबूचे तट्टे उभारून त्यांना शेणमातीने लिंपून काढलं होतं. बिरप्पा बाहेर लिंबाखाली गुडघ्यात डोकं घालून बसला होता.

त्याची लेक गौरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. घरात आतली खोली एकच. तिथे चूल आणि तिथेच बिरोबाचा देव्हारा. सोयर पाळायचं तर बाळंतिणीला देवाजवळ कसं ठेवणार? म्हणून सोपा आवळून तिची खोली केली होती. आमच्याकडे बाळंतिणीला वारा लागू देत नाहीत. दार झाकलेलं, बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा. वर वैशाखाचं ऊन.

"पोरगी झालीया," बिरप्पा म्हणाला. "पैल्या दिशी ब्येस व्हती. आता दूद घीना. घेतलं की वकती. रडून रडून आवाज बसलाय. गौराचं डोस्कं फुटायलंय, डोळे लाल झाल्यात. नागव्वा म्हंती, दिष्ट लागली."

नागव्वा म्हणजे गावची सुईण. आतून तिचा आवाज आला, "आणिक वाईच निखारा घाला, धुरी कमी पडतीया."

पुरुषाने बाळंतिणीच्या खोलीत जायचं नसतं. मी दारापाशी नुसता उभा राहिलो. ओव्याचा वास आला, शेपांचा आला, आणि त्यांच्याखालून एक वास आला जो माझ्या हातांना रोज असतो. मी खाली बघितलं. उंबऱ्याजवळच्या तट्ट्यावर काळे थेंब ओघळून वाळले होते. उघड्यावर वापरायचं लाकूड मी उघड्यावरच बसवलं होतं, पण त्या उघड्याचीच खोली झाली होती. बाळंतपण आलं की सोपा आवळतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो आणि तुळई बसवताना मला ते सुचलं नव्हतं.

"अण्णा, तुळईला घाम आलाय," मी म्हटलं. "खाली शेगडी, वरून ऊन. ते तेल वाफ होऊन त्या पोरीच्या छातीत जातंय. दोघींना आत्ताच्या आत्ता बाहेर काढा."

बिरप्पा माझ्याकडे बघतच राहिला. ज्या लाकडाने कधी मान खाली घातली नाही, ते त्याच्या नातीला गुदमरवतंय हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. तोवर नागव्वा बाहेर आली होती. ती वाईट बाई नव्हती. निम्म्या गावाची नाळ तिने कापली होती आणि या पोरीसाठी तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. "भाईर कुटं काढताव?" ती म्हणाली. "आजून पाचवी व्हायची हाय. पाचवीला सटवाई येती, कपाळावर लिवती. जागा हलवली तर ती कुटं हुडकंल? पोरीचं कपाळ कोरंच ऱ्हाईल की!"

लाकडाचं मी सांगू शकत होतो, सटवाईचं काय सांगणार? बिरप्पाही हातपाय गाळून बसला. आतून बाळाचा आवाज येत होता, पण त्याला रडणं म्हणवत नव्हतं. नुसता घसा खरवडल्यासारखा आवाज.

शिवव्वा दारात येऊन उभी राहिली. तिने वर तुळईकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"नागव्वा, मी कुटं जल्मले ठावं हाय का तुला? करमाळ्याच्या रानात. मेंढरं बसली व्हती, आईला कळा आल्या. ना भिंत, ना दार. दुसऱ्या दिशी कळप हालला, आईनं मला पाटीत घातलं आन् चालाय लागली. पाचवीला आमी तिसऱ्याच रानात व्हतो. सटवाईनं मला तितं हुडकून काडलं की न्हाय? माज्या कपाळावर ह्यो बिरप्पा लिवला की न्हाय?"

शिवव्वाने पदर कमरेला खोचला.

"धनगराच्या घरात येनारी सटवाई चालाय भ्येत न्हाय. काडा पोरीला भाईर."

लिंबाखाली घोंगड्यांचं पाल उभं राहिलं. चारी बाजूंनी आडोसा, वर थोडी फट. आम्ही पुरुष पाठ फिरवून उभे राहिलो आणि बायकांनी गौराला बाजेसकट बाहेर आणलं. नागव्वाने शेगडी उचलली, दोन पावलं चालली, आणि मग स्वतःहूनच ती लांब नेऊन ठेवली. पालाशी तिने आपला विळा ठेवला आणि सटवाईला उद्देशून मोठ्याने पत्ता सांगितला, "बिरप्पाच्या दारचा लिंब, घोंगड्याचं पाल!" तिच्याबद्दल माझ्या मनात त्या क्षणी फार माया दाटून आली.

पण पाल म्हणजे काही घर नव्हे. दुसऱ्या दिवसाचं ऊन त्या कोवळ्या जिवाला सोसलं नसतं, आणि ती तुळई डोक्यावर असेपर्यंत सोप्यात परत जाता येत नव्हतं. तुळई बदलायची तर वर माळवदाची गाडाभर माती. सुताराच्या हिशेबाने माळवद उकरा, तुळई काढा, पुन्हा भरा, म्हणजे आठवड्याचं काम. मी ते बोललो तेव्हा बिरप्पा पहिल्यांदा उठून उभा राहिला.

"माती कशाला उकरायची? लाइनीवर आमी रूळ उचलून स्लीपर काडतो व्हय? टेकू द्यायचा, पाचर मारायची, केसभर ढिलं करायचं आन् आडवं सरकवायचं. गाडी यायच्या आत."

दिवस कलताना कामावरून सुटलेली गँग आली. रसूलभाई पुढे, खांद्यावर पहारी घेतलेले बाकीचे मागे. गोठ्याच्या कामासाठी पडलेला एक पांढरा स्लीपर बिरप्पाच्या अंगणात होता. तो मी ठोकून ऐकला, खणखणीत होता. गँगने काळ्या तुळईच्या दोन्ही अंगांना टेकू उभे केले, पाचरी मारून माळवद केसभर उचलून धरलं. सगळे पहारींना भिडले आणि रसूलभाईंनी आरोळीसाठी तोंड उघडलं.

त्याच वेळी शिवव्वा पालातून बाहेर आली आणि ओठांवर बोट ठेवलं. बाळ प्यायलं होतं. पिऊन झोपलं होतं. गौराही झोपली होती.

रसूलभाईंनी तोंड मिटलं. मग हात वर केला. तो हात खाली आला की सगळ्यांनी जोर लावायचा, पुन्हा वर गेला की थांबायचं. ज्यांच्याने आवाजाशिवाय कांदा उचलत नाही म्हणायचे, त्या माणसांनी ती नऊ फुटी तुळई हूं की चूं न करता काढली. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, डोळे रसूलभाईंच्या हातावर. काळी बाहेर आली, तिच्या जागी पांढरी सरकली, टेकू उतरले. माळवदाची चिमूटभर माती खाली पडली तेवढीच. आयुष्यात मी लाकडाची पुष्कळ कामं पाहिली, पण त्या संध्याकाळसारखं काम पुन्हा पाहिलं नाही.

पुढे एका डॉक्टरांनी मला सांगितलं की कोंडलेल्या खोलीत शेगडीचा धूरही तितकाच वाईट. म्हणजे दोष तुळईचा किती आणि शेगडीचा किती, हे मला आजही ठाऊक नाही. दोघी सोप्यात परतल्या, पण पाचवी मात्र सटवाईला सांगितलेल्या पत्त्यावर, पालाजवळच झाली. पोरीचं नाव त्या झाडावरून लिंबाबाई ठेवलं. काळी तुळई बिरप्पाला फेकवेना. त्याने ती लिंबाखाली बसायला टाकली. जाता-येता मी बघायचो, तो तिच्यावर बसून गाड्या मोजायचा. एकदा म्हणाला, "तिचं काय चुकलं, मिस्त्री? तिला भाईर ऱ्हायाची सवय. आमीच कोंडली."

मामा गेले, वखार माझ्याकडे आली, लाकडी स्लीपर हळूहळू कमी झाले. बऱ्याच वर्षांनी एक तरुण जोडपं बैलगाडी घेऊन आलं. नवऱ्याला काळा स्लीपर आवडला. "ही लई दणकट हाय." बायको वाकली आणि लाकडाला नाक लावलं. "ही न्हाय." दुसऱ्याला लावलं. "हीबी न्हाय." नवरा मला म्हणाला, "मिस्त्री, हिला आख्ख्या वखारीचा वास घ्यायचाय." मी विचारलं, "पोरी, कुणाची तू?"

"मी लिंबाबाई. होटगीच्या बिरप्पा गँगमनची नात. आज्जीनं सांगितलंय, नाक लावल्याबिगर लाकूड घरात घ्यायचं न्हाय."

बिरप्पा त्याच लिंबाखाली गेला, असं तिच्याकडून कळलं. शिवव्वा अजून होती. मी सगळ्यांत चांगला पांढरा सागवानी स्लीपर थप्पीखालून काढायला लावला. हमालांनी तो खांद्यावर घेतला, गाडीपाशी आणला आणि नेहमीप्रमाणे आरोळीसाठी श्वास भरला. तेवढ्यात मला गाडीच्या साट्याला बांधलेली झोळी दिसली. झोळीत तिचं मूल झोपलं होतं.

मी हात वर केला. हमाल चमकून थांबले. मग मी हात हळूहळू खाली आणला, आणि त्यांनी तुळई गाडीत ठेवली. मूल हललंही नाही.